मेलेला वजीर उचलताना

त्या माणसाचं बोट मी मुद्दाम फोडलं. इतके दिवस कुणी विचारलं तर ‘खेळताना चुकून लागलं’ असं मी सांगत आलो. पंचांना तसं सांगितलं, बायकोला तसं सांगितलं, आणि रोज सांगून सांगून मला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. पण हात येणार हे मला माहीत होतं. तो आला तेव्हा मला दिसला. मग मी मूठ खाली आणली.

हे नीट सांगायचं तर मी बुद्धिबळ कुठे शिकलो ते आधी सांगायला हवं. आमच्या कर्जतला बाजाराच्या मागे एका बंद गोदामाचा ओटा आहे. तिथे संध्याकाळी रिक्षावाले, दुकानदार, कारखान्यातून सुटलेले लोक पट मांडून बसतात. मी खोपोलीजवळच्या एका कागद कारखान्यात पॅकिंग खात्यात सुपरवायझर. घरी जायच्या आधी ओट्यावर एक डाव झाल्याशिवाय मला दिवस संपल्यासारखा वाटायचा नाही.

ओट्यावरचं बुद्धिबळ शांत नसतं. तिथे सोंगटी मारायची म्हणजे खरोखरच मारायची. आपला घोडा समोरच्याच्या उंटावर असा आपटायचा की उंट पटावरून उडून ओट्याखाली गेला पाहिजे, आणि ज्याचा मेला त्याने वाकून, धुळीतून तो शोधून आणायचा. तो वाकला की सगळे हसणार. ‘शोध, शोध, गटारात बघ.’ ‘अरे, तिकडं कुत्र्यानं नेला बघ.’ यालाच आम्ही ‘उडवणं’ म्हणायचो. नीट खेळणारे कमी नव्हते, पण चांगला उडवणारा त्यांच्यापेक्षा मोठा.

एकदा हात लावलेला घोडा परत जागेवर ठेवला म्हणून एका रिक्षावाल्याने समोरच्याच्या कानाखाली वाजवली. त्या दुसऱ्याने लाकडी पट उचलला आणि त्याच्या कपाळावर उभा आपटला. पाच टाके पडले. रक्त डोळ्यांत उतरत होतं तरी पहिला ओरडत होता, ‘आधी घोडा चाल, मग दवाखान्यात जाऊ.’ आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो. पुढे कितीतरी दिवस हा किस्सा मीच रंगवून सांगायचो.

त्या ओट्यावर मी सगळ्यात जास्त उडवायचो. पुढे पुस्तकं वाचून, स्पर्धा खेळून माझं रेटिंग झालं, कर्जत-खालापूर भागात चार लोक नावाने ओळखू लागले. स्पर्धेत सोंगट्या उडवून चालत नाही, पण आपटायची सवय गेली नाही. मी सोंगटी ठेवली की शेजारच्या दोन टेबलांवरचे लोक दचकायचे. मला ते आवडायचं.

ती स्पर्धा खालापूर तालुक्यातल्या एका मंगल कार्यालयात होती. खुली स्पर्धा, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे डाव. पहिल्या फेरीत यादीतल्या वरच्या अर्ध्यातले लोक खालच्या अर्ध्याशी जोडतात. मी यादीत पहिला, त्यामुळे माझ्यासमोर ज्याचं काहीच रेटिंग नाही असा कुणीतरी येणार हे ठरलेलं. असे डाव मी पंधरा मिनिटांत संपवून चहा प्यायला जायचो.

समोर साठीचा एक माणूस येऊन बसला. कळंबकडचा. धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्री नाही. बसण्याआधी त्याने पटाला हात लावून कपाळाला लावला.

“मामा, पहिल्यांदाच का?” मी विचारलं.

“स्पर्धेत पहिल्यांदाच. खेळतोय लहानपणापासून. आमच्या चुलत्यानं शिकिवलं, जमिनीवर कोळशानं घरं आखून.”

“काय करता?”

“तिकडं एका रिसॉर्टला भाकऱ्या करतो. चुलीवरच्या. मुंबैचे पावने खातात.”

मी हात मिळवला तेव्हा त्याचा तळवा लागला. गरम आणि मऊ, बाईच्या हातासारखा, आणि बोटांच्या टोकांना भाजल्याचे पांढरे डाग. तो हात मला आजही आठवतो, कारण तासाभरात मी तो बिघडवला.

त्याने पहिलं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. मग दुसरं, तेही एकच घर.

“मामा, पहिल्यांदा दोन घरं जाता येतं.”

“म्हाईत हाय. एक एक बरं. त्याला मागं फिरता येत नाय ना.”

शेजारच्या टेबलावरचा हसला. मीही हसलो आणि माझा घोडा पुढे आपटला. तो दचकला नाही. माझ्या घोड्याकडे जरासा बघून त्याने हनुवटी खाजवली.

पहिली मारामारी झाली तेव्हा एक गंमत दिसली. मी त्याचं प्यादं मारायला हात पुढे केला, तर माझी सोंगटी पोचायच्या आत त्याने आपलं प्यादं स्वतःच उचललं, तळहातावर घेतलं आणि आपल्या बाजूला हळूच आडवं ठेवलं.

“मामा, माझ्या चालीला हात मधे आणायचा नाही.”

“सवय हाय ओ. आमच्यात ज्याचं मेलं त्यानंच उचलायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाय. चुलत्यानं तसंच शिकिवलं.”

मी पंचांना बोलावलं. पंच म्हणजे एका शाळेतल्या बाई. त्यांनी समजावलं, “काका, इथे मारणारा सोंगटी उचलतो. तुमच्या पाळीशिवाय पटाला हात लावू नका.” तो “बरं बाय,” म्हणाला. पण पुढच्या वेळी उंट मेला, तेव्हा हात पुन्हा आला. ताटात भात पडला की हात आपोआप जातो तसा. त्याला कळलं, त्याने तो मागे घेतला आणि ओशाळून मांडीखाली दाबून धरला. म्हणजे तो हात येतो, प्रत्येक वेळी येतो, हे मी दोनदा पाहिलं होतं. माझ्या कबुलीतला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे.

मग त्याने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून ठेवला.

मी घड्याळ थांबवलं. तो गोंधळला. “राजाला अजून शह बसला नाय. एकदा उडता येतं की.” आमच्या आज्याच्या काळात तसे नियम होते हे मला ठाऊक होतं. लहानपणी गावात म्हातारे तसंच खेळायचे. पण मी तोंड उघडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. “मॅडम, बेकायदा चाल. मला दोन मिनिटं वाढवून द्या. आणि राजाला हात लावलाय, राजाच चालायला लावा.” सगळं नियमात होतं. त्याला राजा उघड्यावर आणावा लागला आणि चारच चालींत मी त्याचा एक हत्ती खाल्ला. तो मी जोरात आपटून खाल्ला. त्याची सोंगटी टेबलावरून घरंगळत खाली गेली. तो वाकला, शोधली, फुंकर मारून पुसली.

“दुसरी अशी चाल केली की डाव गेला, मामा,” मी म्हणालो. “भाकऱ्या थापायला मोकळे.”

त्याने पुसलेला हत्ती आपल्या बाजूला आडवा ठेवला.

त्यानंतर काय झालं ते मला चालीगणिक सांगता येईल, पण इथे त्याची गरज नाही. मी माजलो आणि बघायचं सोडलं. मी मारत सुटलो आणि प्रत्येक मारीला त्याचं एक प्यादं एक घर पुढे सरकत राहिलं. डाव्या कडेचं, हत्तीच्या रांगेतलं. चेचावं असं त्यात काही दिसत नव्हतं म्हणून मी ते चेचलं नाही. जेव्हा नीट पाहिलं तेव्हा ते शेवटच्या घरापासून एक पाऊल दूर होतं आणि माझा एकुलता हत्ती त्याच्यावर राखण करत उभा होता. घड्याळात माझं एक मिनिट उरलं होतं. माझ्या मानेवर घाम फुटला. भोवती आठ-दहा लोक जमले, त्यात आमच्या ओट्यावरचे दोघे. त्यातला एक हळूच मला म्हणाला, “मास्तर, भाकरी करपली वाटतं.”

तेव्हा त्या माणसाने आपला वजीर उचलून माझ्या हत्तीच्या तोंडात ठेवला. शह.

मला वाटलं, चुकला. वजीर फुकट दिला. मी हत्ती उचलला. हत्ती हवेत असताना मला दिसलं की शह मोडायला वजीर मारण्यावाचून मला गत नव्हती, आणि हत्ती तिथून हलला की त्या प्याद्याला शेवटचं घर मोकळं होतं. त्याने वजीर मरायलाच पुढे केला होता. भाकऱ्या करणाऱ्याने, जमिनीवर कोळशाने घरं आखून शिकलेल्याने, माझ्या दोन ओटामित्रांसमोर मला मारलं होतं.

आणि नेमका तेव्हा त्याचा हात आला. मेलेला वजीर उचलायला, तर्जनी आणि अंगठा पुढे करून.

लोक म्हणतात रागात काही दिसत नाही. मला सगळं दिसत होतं. त्याच्या नखाला लागलेलं तांदळाचं पीठ दिसत होतं. याला फोडावं, एवढं एकच मनात होतं. मी हत्ती मुठीत घट्ट धरला, मूठ खांद्याच्या वर नेली आणि पूर्ण ताकदीने खाली आणली. शिसं भरलेला लाकडी हत्ती. बुडाची कड त्याच्या तर्जनीच्या टोकावर बसली. ओली काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. नख उभं चिरलं. रक्त आधी आलं नाही, मग एकदम आलं आणि तीन-चार घरांवर पसरलं. वजीर उडून कुणाच्या तरी बुटापाशी गेला.

तो ओरडला नाही. त्याने दुसऱ्या हाताने बोट धरलं आणि पटाकडे बघत राहिला.

पंचबाई धावत आल्या. कुणी काही बोलायच्या आत मी बोललो. “मॅडम, माझी चाल चालू होती, यांनी मधे हात घातला. तुम्ही आधी ताकीद दिली होती.” प्रत्येक शब्द खरा आणि सगळं मिळून खोटं. बघणाऱ्यांनीही हात पाहिला होता. मूठ कुणी पाहिली असेल तर तो बोलला नाही.

बाईंनी त्याला विचारलं, “काका, हात मधे आला होता का?”

“आला खरा,” तो म्हणाला.

एवढ्यावर, हा त्याचा दुसरा नियमभंग धरून, बाईंनी डाव मला दिला. त्याने रुमालाने बोट गुंडाळलं, डाव्या हाताने खाली वाकून वजीर शोधला, पुसला, पेटीत ठेवला आणि निघून गेला. मी ती स्पर्धा जिंकलो. चषक आमच्या टीव्हीवर ठेवला. त्या चषकाच्या पायथ्याला सोनेरी हत्ती होता. बायको म्हणायची, किती छान आहे.

पुढच्या वर्षी कारखान्याची सहल कळंबच्या एका रिसॉर्टला गेली. बस फाटकाशी थांबली. खाकी टोपी घातलेला एक म्हातारा दोरी ओढून फाटकाचा लाकडी आडणा वर करत होता आणि त्याची उजवी तर्जनी बाहेर वळलेली, दोरीला न लागता हवेत उभी होती. त्याने खिडकीतून मला ओळखलं.

“या साहेब,” तो म्हणाला.

मी मोबाईल कानाला लावला. फोन आलेला नव्हता.

दुपारी जेवायला चुलीवरच्या भाकऱ्या होत्या. वाढणाऱ्या पोराला आमच्यातल्या एकाने विचारलं, “मागच्या वेळी एक मामा करायचे ना? कागदासारख्या पातळ?”

“त्यांचं बोट गेलं ओ. पट्टी बांधल्याल्या हाताची भाकर पावनं खात नायत. आता पट्टी सुटली पर बोट वाकत नाय, थापताना कड फाटते. शेटनी गेटवर बसिवलं.” मग तो पोरगा हसला. “बुद्धिबळात चोरी करायला गेलं होतं म्हनं. समोरच्याच्या चालीत हात घातला. आमच्याकडं हातघाल्या म्हनत्यात त्यांना.”

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. संध्याकाळी बस निघाली तेव्हाही तो फाटकावर होता. मी पलीकडच्या बाजूला बसलो. बोट फोडलं तो क्षणभराचा राग होता असं एक वेळ म्हणता येईल. पण हे दोन वेळा तोंड फिरवणं थंड डोक्याने केलेलं होतं.

त्या आठवड्यात ओट्यावर मी कुणाचा तरी घोडा उडवला आणि समोरचा शोधायला वाकला. त्याची मान माझ्यासमोर आली. ती उघडी, घामेजलेली मान बघून मी डाव तसाच टाकला. मी उठून घरी आलो. त्यानंतर ओट्यावर गेलो नाही.

एका रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो. कळंबच्या पुढे, रस्त्यापासून आत. तो अंगणात बसला होता. त्याची बायको पाट्यावर खोबरं-मिरची वाटत होती. मी कोण ते सांगितलं. तिचा हात थांबला.

“तुमीच का ते,” ती म्हणाली.

“मावशी, मी सांगायला आलोय की ते चुकून नव्हतं. मी मुद्दाम मारलं.”

मला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल. तिने पाट्यावरचं वाटण तळहाताने एका बाजूला सारलं.

“ठेव हात,” ती म्हणाली.

मला कळलं नाही.

“बोट ठेव हितं. हेच. दाखवायचं बोट. ह्यांचं जे फोडलंस ते. म्हंजे कळंल मुद्दाम म्हंजे काय असतंय.”

मी बसलो आणि उजवी तर्जनी पाट्यावर ठेवली. दगड गार होता, मिरचीने बोट चुरचुरलं. तिने वरवंटा दोन्ही हातांनी उचलला. माझ्या सगळ्या आयुष्यात मी मारलेल्या फटक्यांचा हिशोब त्या वरवंट्यात आहे, असलं काही मला सुचलं नाही. मला फक्त मुतायला झालं. मी हात काढला नाही, याचं श्रेय मी घेत नाही. पाय हलत नव्हते म्हणून तो तिथे राहिला.

“ह्या बोटानं म्हैना-म्हैना मला येणी घालता आली नाय ह्यांना,” ती म्हणाली. “माझा खांदा धरलाय, माझी येणी ह्येच घालतात. म्हाईत हाय का तुला?”

तिने वरवंटा आणखी वर नेला.

“अगं, ठेव तो खाली,” म्हातारा म्हणाला. “मिरची तशीच राहिली. आणि त्याचं बोट मोडून माझं वाकायचं हाय का?”

तिने वरवंटा खाली आणला तो माझ्या बोटापासून चार अंगुळं दूर, पण इतक्या जोराने की पाट्याची कपची उडून माझ्या गालाला लागली. मग ती उठून आत गेली.

मी त्याच्यासमोर हात जोडले. म्हणालो, माफ करा, दवाखान्याचं, औषधाचं जे काय असेल ते... त्याने हात वर करून मला थांबवलं. ते न वाकणारं बोट माझ्या तोंडासमोर आलं.

“त्ये बोलू नका. बोट गेलं, त्याचं काय. चुलीपाशी आयुष्य काढलं, बोटं भाजायचीच. पर मला हितं समदे हातघाल्या म्हनत्यात. कॅरम खेळायला बसलो तरी पोरं म्हनतात, मामा हात मांडीखाली ठेवा. साठ वर्सं कुनाच्या काडीला हात लावला नाय मी.” त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला. “आनि तुमी ह्ये माझ्या अंगणात काय सांगता? हितं मला म्हाईत हायच. माझी बायको जानते. जितं खोटं बोललात तितं सांगा.”

“सगळ्यांसमोर?”

“तितं सगळ्यांसमोरच बोललात ना?”

मी निघालो तेव्हा तो म्हणाला, “आनि ते प्यादं. हत्तीच्या घरात पोचलं की हत्ती झालं असतं. तुमच्यात वजीर होतो म्हनं. मला हत्ती पुरला असता.”

मी घरी जाऊन पट मांडून पाहिलं. पुरला असता.

या वर्षी स्पर्धा त्याच मंगल कार्यालयात होती, पंचही त्याच बाई. मी नाव नोंदवलं नव्हतं. बाईंना आधी भेटून सगळं सांगितलं. त्यांनी हातातली यादी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता. तुम्हाला एकही नाही.” आणि माईक माझ्या हातात दिला.

पहिल्या फेरीच्या आधीची वेळ. साठ-सत्तर लोक पटांसमोर बसलेले. आमच्या ओट्यावरचे पाच जण होते, कळंबचेही काही होते. शेवटच्या रांगेत, भिंतीला लागून, माझा निरोप मिळाल्यावर आलेला तो म्हातारा बसला होता, धुतलेला शर्ट, शेजारी बायको. तिची वेणी नीट घातलेली होती, एक बट सुटलेली. चषक मी पिशवीतून आणला होता, तो बाईंच्या टेबलावर ठेवला.

मी बोललो ते जवळजवळ असं होतं:

“मागच्या एका स्पर्धेत पहिल्या फेरीत मी यांच्याशी खेळलो. ते जिंकत होते. मी हरतोय हे मला दिसलं. मेलेली सोंगटी उचलायला यांचा हात येतो हे मला आधीपासून ठाऊक होतं, तो आला तेव्हा दिसलाही, आणि मी हत्ती त्यांच्या बोटावर जाणूनबुजून मारला. नंतर पंचांना सांगितलं की त्यांनी हात मधे घातला. त्यांनी चोरी केली नाही. ते मेलेला वजीर उचलत होते, त्यांच्याकडे तशी रीत आहे. डाव त्यांचा होता. हातघाल्या कुणाला म्हणायचं असेल तर मला म्हणा. मामा, मी तुमचं बोट फोडलं आणि तुमचं नाव खराब केलं. मावशी, तुमचीही मी माफी मागतो. मला माफ करा.”